आदल्या दिवशीची दाढी

बेबीआत्या उंबऱ्यातच पर्समधून दोऱ्याचं रीळ काढत आत शिरली, आणि मोरीच्या पडद्याआड उभ्या असलेल्या जुईने पडदा आतून दोन्ही मुठींत आवळला.

"बाहेर ये. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"पाचला पाहुणे येतायत, जुई. साडेतीन वाजलेत."

"मग सांगा ताप आलाय. सांगा गावाला गेली. सांगा मेली."

"ऐकलंस वहिनी? जीभ बघ पोरीची!"

वहिनी, म्हणजे जुईची आई शेवंती, पोह्यांसाठी कांदा चिरत होती. गेला महिनाभर ती बोलतच नव्हती, नुसते कांदे चिरत होती.

काळाचौकीच्या त्या दीड खोलीत सकाळपासून नुसती धावपळ चालली होती. जुईच्या भावाचं, सिद्धांतचं लग्न जिच्याशी ठरत होतं त्या देविकाचे आईवडील पहिल्यांदा घर बघायला येणार. दादरची माणसं. सिद्धांतने पंखा उतरवून धुतला, नवीन चादरी आणल्या, पाय मोडलेलं स्टूल आणि पप्पांची गंजलेली ट्रंक शेजारच्यांकडे नेऊन ठेवली. जे दिसायला नको ते सगळं शेजारी गेलं. राहिली फक्त जुई. तिला कोणाकडे ठेवणार?

एकतीस दिवस तिने चेहऱ्याला दोरा लावू दिला नव्हता. लोअर परळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "महिनाभर थ्रेडिंग नाही, वॅक्स नाही, चिमटा नाही. मुळात केस असला तरच लेझर त्याला जाळतं. मूळच उपटलंस तर मी मारू कशावर?" आणि उद्या सकाळी अकराला पहिलं सिटिंग.

एकतीस दिवसांत काय उगवतं ते आता जुईला पाठ झालं होतं. आधी काटे. मग खाज. मग हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, गळ्याखाली काळे, राठ, वळलेले केस. हात आपोआप तिकडे जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. गॅलरीच्या टोकाला संडासला जातानासुद्धा ती मास्क लावायची. चाळीतली पोरं खोकायची, "ओ, कोरोना संपला!" एकदा तिने बादलीच फेकून मारली होती.

"आत्या, मी सांगते ते डोक्यात घुसतंय का?" पडद्याआडून ती ओरडली. "आज दोरा मारलास तर उद्याचं सिटिंग कॅन्सल. मग परत महिना. परत हे असं. मी नाही जगणार परत महिनाभर अशी."

"आणि ती देविकाची आई बघेल तुला तर? तिला काय वाटेल? घरात असलं काहीतरी आहे..."

"असलं काय, आत्या? बोल ना. असलं काय?"

आत्या रिळाचा दोरा बोटाला गुंडाळायला लागली. लालबागला तिचं पार्लर होतं. जुई बारा वर्षांची असल्यापासून दर दहा दिवसांनी तिची हनुवटी तिनेच केली होती, दाताखाली दोरा धरून, "झालं हं, झालं राणी" म्हणत. दुखलं की फुंकर मारायची. जुईला ते आठवलं आणि तिला आणखीच राग आला. चांगल्या माणसावर धड चिडता येत नाही.

सिद्धांत मध्ये पडला. "जुई, प्लीज. एक दिवसाचा प्रश्न आहे यार. सिटिंग पुढच्या महिन्यात घे. मी स्वतः घेऊन जातो तुला."

"तू? कॉलेजात मला 'जुईभाई' म्हणत होते तेव्हा कुठे होतास?"

"मी म्हटलेलं तुला, प्रिन्सिपलकडे जाऊ..."

"मी कंपास मारली त्यातल्या एकाच्या डोक्यात, ते बरं झालं. सुटले एकदाची."

अकरावीचे चार महिने. तेवढंच तिचं कॉलेज. त्यानंतर ती घरात होती आणि घर तिच्यापासून तोंड चुकवत होतं.

"वहिनी, तू तरी बोल," आत्या म्हणाली. "तुला माहितीये लेझरवाल्यांचं? माझ्याकडे एक बाई यायची. कुठल्यातरी गल्लीबोळात स्वस्तात करून आली. हा अख्खा गाल भाजला. काळा पडला. लग्न मोडलं तिचं. ही अजून अठराचीपण नाही!"

कांद्यावरची सुरी थांबली. जुईचा हात नकळत कानाखाली गेला.

कानाखाली डाळीच्या दाण्याएवढा डाग होता. पंधरा दिवसांपूर्वी तिथे टेस्ट म्हणून एकच फटका मारला होता, रबर ताणून सोडल्यासारखा. आधी तो लाल होता. दोन दिवसांत जाईल, असं म्हणाले होते. गेला नाही. तपकिरी झाला. जुई रोज मोबाईलचा कॅमेरा लावून बघायची आणि वर केस सोडायची. कोणाला सांगितलं असतं तर तिथल्या तिथे सगळं बंद झालं असतं. पण दाण्याएवढ्याचं असं झालं तर उद्या अख्ख्या चेहऱ्याचं काय होईल, हा प्रश्न तिने कोणालाच विचारला नव्हता. केस गेले आणि चेहराच जळला तर? तो काही दहा दिवसांनी परत उगवत नाही.

"तुझ्या आईने सही केली नाही, तुझ्या पप्पांनीपण केली नाही," आत्या म्हणाली. "म्हणजे दोघांनाही भीती वाटतेय. मग कशाला हट्ट?"

हेही खरंच होतं. जुई सतराची, म्हणून क्लिनिकच्या फॉर्मवर आईवडिलांपैकी एकाची सही लागणार होती. आई म्हणाली, ह्यांना विचार. पप्पा म्हणाले, ठेव तिथे, बघतो. टीव्हीखाली तो फॉर्म दोन आठवडे पडून होता. आणि पप्पा आत्ताही खिडकीशी बसले होते, दत्ताराम, बेस्टचे ड्रायव्हर, सुट्टीच्या दिवशीही शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेले, आणि रस्त्याकडे बघत होते जसा काही तो रस्ता त्यांनाच चालवायचा होता.

"बस्स झालं," म्हणत आत्याने पडदा ओढला. जुईने उलटा ओढला. दांडीसकट पडदा खाली आला आणि त्या झटापटीत जुईच्या कुर्त्याच्या खिशातून काहीतरी उडून मोरीच्या लादीवर टकटक करत गेलं.

गुलाबी रेझर. पाकिटातला. मेडिकलमधून मास्क लावून आणलेला.

सगळ्यांनी आधी रेझर बघितला, मग तिचा चेहरा. एकतीस दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांनी एकदम बघितला. सिद्धांतने मान फिरवली. ते तिला लागलं.

"हे काय आहे?" आईचा आवाज फाटला.

"कागदावर लिहिलंय. आदल्या दिवशी शेव्ह करून या. वरचा केस कापायचा, आतलं मूळ ठेवायचं. वर केस राहिला तर तो चामडीवरच जळतो." तिने खिशातून घडी पडलेला कागद काढला. शेव्हची ही शेवटची ओळ तिने मुद्दाम आत दुमडली होती. "मला माहीत होतं तुम्ही बोंब मारणार."

"दाढी?" आत्या खाली बसली. "बाईमाणसाने दाढी? अगं वेडे, एकदा ब्लेड लागलं ना, दुप्पट येतात. जाड येतात. मी वीस वर्षं सांगतेय पोरींना..."

"वीस वर्षं चुकीचं सांगतेयस."

"हो, मी चुकीची. मी दोरेवाली. उद्यापासून माझी गरजच काय!" आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि जुईला कळलं, भांडण नुसतं पाहुण्यांचं नव्हतं.

"मग सकाळपासून का नाही केलीस?" सिद्धांतने हळूच विचारलं. "रेझर आहे, कागद आहे. आत्ता करून टाक, पाहुण्यांचापण प्रश्न मिटला. मोरीतच तर उभी आहेस."

तीन तास ती मोरीत उभी होती. तीनदा पाकीट फोडायला घेतलं. आरशात बघितलं आणि परत खिशात टाकलं. दोरा म्हणजे पार्लर. दोरा सगळ्याच बायका करतात. रेझर गालाला लावला की मग ती कोण? 'जुईभाई' म्हणणारे खरे ठरतील, आणि ते तिने स्वतःच्या हाताने केलेलं असेल.

"नाही जमत," ती म्हणाली. एवढंच. आणि ज्या पोरीने बादली फेकली, कंपास मारली, ती ओल्या लादीवर उकिडवी बसून हुंदके द्यायला लागली.

तेव्हा इतका वेळ कॉटवर पडून सगळं ऐकणारी कौसल्याआजी, पप्पांची आई, उठली.

"बेबी, ता दोरो ठेव आत. तिका हात लावू नको."

"आई, तुला कळत नाही..."

"माका कळता." आजीने कमरेचा बटवा सोडला. तपकिरीची डबी, दोन लवंगा, आणि एक बारीक लोखंडी चिमटा, धरून धरून गुळगुळीत झालेला. तिने तो जुईच्या ओंजळीत ठेवला. मग स्वतःची हनुवटी वर केली. तिथे तीन हिरवे ठिपके होते, गोंदलेले. ते जुईने जन्मापासून बघितले होते. जवळून कधीच नाही.

"हात लाव."

जुईने बोट फिरवलं. ठिपक्यांच्या मध्ये काटे होते.

"मी चवदा वर्सांची होतंय," आजी म्हणाली. "आवशीन माज्या गोंदणारणीक बोलावल्यान. म्हणाली, हिरवा दिसला की काळा कोण बघणा नाय. दर शुक्रवारी मोरीत बसान उपटतंय. साठ वर्सां झाली. तुज्या आज्याक मरेपर्यंत कळला नाय."

आजीचा शुक्रवार सगळ्यांना माहीत होता. आजी मोरीत, पडदा ओढलेला, कोणी डोकवायचं नाही. सगळ्यांना वाटायचं देवाचं काहीतरी असेल.

"आई," आत्याचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी पार्लरवाली. अख्ख्या लालबागचे चेहरे करते. मला नाही सांगितलंस?"

"मी तुजाच तोंड बघी, बेबी. कोण इला की तू आधी तिची हनुवटी बघतंस. माका भ्या वाटा तुजा."

आत्याने रीळ पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

खिडकीशी खुर्ची सरकली. पप्पा उठले. शर्टाच्या बाह्या वर घेतल्या, रेझर उचलला, नळाखाली धरला.

"कोमट पाणी दे," ते आईला म्हणाले. "आणि माझा साबण नको. साधा दे."

"अहो, तुम्ही...?"

"मग कोण? ह्या घरात रोज दाढी कोण करतं?"

स्टूल शेजारी गेलेलं, म्हणून जुई पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर बसली. पप्पांनी तिच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला, स्वतःच्या खोचतात तसाच. पहाटेच्या ड्युटीला निघताना आरशात न बघता दाढी करणारा माणूस, पण आता त्यांच्या कपाळावर घाम होता.

"वर बघ. गिळू नकोस. केस जातो तिकडेच हात मारायचा, उलटा नाही. उलटा मारला की पुळ्या येतात."

पहिला हात जबड्यावरून खाली आला. खर्र. आवाज ओळखीचा होता. रोज पहाटे झोपेत ऐकलेला. आता तो तिच्या हाडातून येत होता.

"पप्पा."

"बोलू नकोस."

"पप्पा, कानाखाली डाग पडलाय. टेस्टचा. मी सांगितलं नव्हतं."

रेझर थांबला. त्यांनी तिचे केस मागे केले. बघितलं. आईने तोंडावर पदर धरला. सिद्धांत जवळ आला. आता फॉर्म फाटणार, जुईला वाटलं. महिना फुकट गेला.

"उद्या डॉक्टरणीला आधी हा दाखवायचा," पप्पा म्हणाले. "ती नको म्हणाली तर नको. लपवायचं नाही. गाडीचा ब्रेक लागत नसेल तर मी डेपोत सांगतो, लपवून बाहेर काढत नाही." मग खालच्या आवाजात, "मलापण भीती वाटते गं. म्हणून तो कागद तसाच ठेवला. वाटलं, विसरशील."

हनुवटीच्या खड्ड्याशी त्यांचा हात सरकला आणि बारीकसं कापलं. रक्ताचा थेंब आला. पप्पा "अरे देवा" म्हणून मागे झाले. बस ठोकली असती तरी ते इतके घाबरले नसते. जुई कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.

मग त्यांनी हात पुसले आणि फॉर्मवर सही केली. तरी बोट ओलं राहिलं होतं. 'दत्ताराम'मधला 'म' फुटला.

पाहुणे पाचला पाच मिनिटं असतानाच आले. जुईने पोह्यांचा ट्रे धरला होता आणि त्यातले चमचे किणकिणत होते. मास्क नव्हता. गालावर हवा लागत होती, सोललेल्या जागी लागते तशी. देविका तिच्याकडे बघून हसली. देविकाची आई बघतच राहिली. जुईला ती नजर माहीत होती. ती कपाळावरून निघते, नाकापाशी रेंगाळते आणि हनुवटीवर येऊन बसते.

"हनुवटीला काय लागलं गं बाळा?"

सिद्धांतचा चहा कपातच राहिला. आत्याने तोंड उघडलं. तिच्याकडे अशा वेळची दहा उत्तरं तयार असत: पिंपल फुटला, मांजराने ओरबाडलं.

"माझ्याकडून कापलं," पप्पा म्हणाले. "दाढी केली तिची. तेव्हा."

धुतलेला पंखा, तरी कुरकुरत होता. देविकाचे वडील पोह्यातला शेंगदाणा शोधायला लागले. जुईने रिकामा ट्रे छातीशी धरला. आता उठतील. आता म्हणतील, निघतो आम्ही. सिद्धांतचं लग्न तिच्या हनुवटीवर मोडणार, आणि हे घर जन्मभर काही बोलणार नाही, नुसते कांदे चिरेल.

देविकाच्या आईने बशी खाली ठेवली. "तुरटी नाही फिरवलीत?"

जुईच बोलली. "उद्या लेझर आहे. काही लावायचं नाही म्हणालेत."

"हो का? मग खोबरेल पण नको हां. आणि उन्हात जाऊ नकोस मागाहून, छत्री ने." आणि जरा थांबून, पोह्यांकडे बघत, "कांदा छान परतलाय."

आईच्या हातातला कालथा तिथेच थांबला. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणखी वाढू?"

दुसऱ्या दिवशी अकराला सगळे लोअर परळला होते. सगळे म्हणजे पप्पा, आई, आजी, आणि न बोलावता आलेली बेबीआत्या. काचेच्या लॉबीत आजी चपला हातात घेऊन उभी. डॉक्टरणीने आधी डाग बघितला. जुईनेच दाखवला, केस मागे करून.

"बरं झालं दाखवलंस. आपल्या रंगाला कधी कधी पडतो, महिन्या-दोन महिन्यांत जातो. मी आज पॉवर कमी ठेवते. दुखेल कमी, सिटिंग एखादं वाढेल. कापलेल्या जागेवर मारणार नाही. आणि परत सांगते, कायमचे शून्य होत नाहीत. कमी होतात, बारीक होतात. हार्मोनची गोळी सोडायची नाही. आठ सिटिंग धर." तिने हनुवटीवर बोट फिरवलं. "शेव्ह कोणी केलं? छान केलंय."

पप्पा दारातल्या पोस्टरकडे बघत राहिले.

"डाक्तरीण बाय," आजी पुढे आली आणि मान वर करून हनुवटी दाखवली. "माजे काढतीत काय?"

डॉक्टरणीने भिंग लावून बघितलं. "आजी, ह्या गोंदणावर तर अजिबात नाही, भाजेल. आणि तुमचे पांढरे झालेत. मशीनला फक्त काळा केस दिसतो. पांढरा दिसतच नाही."

आजीने मान खाली घेतली. "मगे माका उशीर झालो," ती म्हणाली. बटवा उघडला, चिमटा बघितला, परत ठेवला. "ह्यो आता माकाच लागतलो."

"एकटीनेच का?" बेबीआत्या तिच्या शेजारी बसली. "तुझी सून आहे, मुलगी आहे. दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून येईन. पडदा उघडा ठेवून करू."

आत थंड खोली. जुई खुर्चीत मागे रेलली. डोळ्यांवर गॉगल आला आणि सगळं काळं झालं. गार जेल हनुवटीवर पसरलं. मशीन गुणगुणायला लागलं. तिने खुर्चीचे हात दोन्ही मुठींत आवळले.

"घाबरलीस?"

"हो."

"थांबू?"

कानाखालचा डाग. पप्पांचा ओला 'म'. मोरीचा साठ वर्षं ओढलेला पडदा.

"नाही."

गॉगलच्या कडेतून लाल उजेड फुटला आणि हनुवटीवर तापलेली सुई बसली. जळक्या केसाचा वास नाकात शिरला. जुईच्या तोंडून अख्ख्या काळाचौकीला ऐकू जाईल अशी शिवी गेली.

बाहेर रिसेप्शनवरची मुलगी दचकून उठली असावी, कारण बंद दाराच्या पलीकडून आजीचा आवाज आला, चाळीच्या गॅलरीतून हाक मारते तेवढा मोठा:

"भियाव नको गो बाय! आमचा चेडू ता. शिवी घातल्यान, म्हंजे बरा आसा!"